तळघरातला फ्रीजर

झुरिक नावाचं एक आटपाट नगर आहे. सरोवराकाठी वसलेलं, ट्राम वेळेवर धावणारं, नळाचं पाणी गोड असणारं. आणि महागाई अशी, की नव्यानं आलेला मराठी माणूस सुरुवातीला दुकानातून रिकाम्या हातानंच परत येतो. फ्लॉवरच्या गड्ड्यासमोर उभा राहून तो मनातल्या मनात गुणाकार करतो. गड्डा साडेचार फ्रँकांना, फ्रँकाला शंभराच्या वर रुपये. साडेचारशे रुपयांचा फ्लॉवर! तो गड्डा जागच्या जागी ठेवतो, बाहेर येतो, आणि तासाभरानं स्टेशनवर उभ्या उभ्या तिप्पट पैशांचं सँडविच खातो. कारण तेव्हा भूक लागलेली असते आणि भुकेल्या माणसाला गुणाकार सुचत नाही.

पगारही फ्रँकांतच मिळतो, हे अंगवळणी पडलं की हा आजार आपोआप बरा होतो. पण घरभाडं आणि सक्तीचा आरोग्यविमा यांनी पगाराचा मोठा लचका आधीच तोडलेला असतो. भाडं कमी करता येत नाही, विमा टाळता येत नाही. स्वतःच्या हातात राहतं ते वाणसामान. त्यामुळे ज्याला जेवढी बचतीची हौस, तेवढी सगळी तो डाळ-तांदूळ-भाजीवर फेडून घेतो.

आल्टश्टेटन भागातल्या एका इमारतीत अशी दोन मराठी घरं होती. दुसऱ्या मजल्यावर डोंबिवलीकर, चौथ्यावर सोलापूरकर. ही काही त्यांची आडनावं नव्हेत. गणपतीला जमणारी मंडळी त्यांना गावावरूनच ओळखत. दोघेही पुरुष सॉफ्टवेअरमधले, दोघांचे पगार उन्नीस-बीस, दोघांना एकेक मूल, घरंही सारख्याच मापाची. गोष्टीच्या सोयीसाठी मी हे जुळवून आणलेलं नाही. झुरिकमधली मराठी घरं बरीचशी अशीच असतात.

डोंबिवलीकर म्हणजे हिशेबाला पक्का माणूस. मोबाइलमध्ये त्यानं एक तक्ता केला होता. डावीकडे वस्तू, वर दुकानांची नावं: मिग्रोस, कोऑप, डेनर, आल्डी, लिडल. पास्ता मिग्रोसचा, तोही हिरव्या ‘एम-बजेट’च्या पाकिटातलाच. दूध एकीकडून, तेल दुसरीकडून, अंडी तिसरीकडून. आल्डी २००५मध्ये आणि लिडल २००९मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आली आणि जुन्या दुकानांनाही स्वस्त मालाची फळी वाढवावी लागली, हे तो पाहुण्यांना असं सांगायचा, की जणू तो करार त्यानंच घडवून आणला होता. शनिवारी संध्याकाळी तर तो दुकानातच सापडायचा. रविवारी इथली बहुतेक दुकानं बंद असतात. त्यामुळे शनिवारी दिवेलागणीला नाशवंत मालावर आधी पंचवीस टक्क्यांची चिठ्ठी चिकटते, मग पन्नासची. ती चिकटवणाऱ्या बाईच्या मागे मागे, दोन पावलं अंतर ठेवून, डोंबिवलीकर चालायचा. आपलं असं काही नाही, असं दाखवत.

यात हसण्यासारखं काही नाही. परक्या मुलखात चार पैसे वाचवणाऱ्या माणसाला हसणारे लोक बहुधा महिनाअखेरीस त्याच्याकडेच उसने मागायला येतात.

पण डोंबिवलीकराचा खरा पराक्रम होता कॉन्स्टान्झचा. झुरिकहून आगगाडीनं सव्वा तासावर बोडन सरोवराच्या काठी हे जर्मन गाव आहे. अलीकडे स्विस क्रॉइत्स्लिंगेन, पलीकडे कॉन्स्टान्झ. दोन्ही गावं एकमेकांना इतकी चिकटलेली की सरहद्द कुठे ओलांडली ते कळूही नये. कळतं ते किमतींवरून. कोंबडीचं मांस पलीकडे निम्म्याहून कमी दरात, साबण-शांपू तर विचारूच नका. त्यात आणखी एक गोडी आहे. स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्याला जर्मन विक्रीकर परत मिळतो. खाण्याच्या वस्तूंवर सात टक्के, साबणासारख्या बाकीच्यांवर एकोणीस. दुकानदार एक हिरवा कागद देतो, सरहद्दीवर जर्मन कस्टमच्या खिडकीशी रांग लावून त्यावर शिक्का घ्यायचा, आणि तो कागद त्याच दुकानात परत नेऊन दिला की पैसे हातात.

ही शेवटची अट नीट बघण्यासारखी आहे. पैसे परत घ्यायचे तर पुन्हा जायला हवं. पुन्हा गेलं की पुन्हा खरेदी, पुन्हा हिरवा कागद, पुन्हा शिक्का. त्यात २०२०पासून नियम असा, की बिल ५० युरोंच्या वर असेल तरच कर परत मिळणार. मग बिल त्रेचाळीस युरोंचं झालं, की डोंबिवलीकर गल्ल्यावरून मागे फिरायचा आणि चॉकलेटं, बिस्किटं, काहीही घेऊन यायचा. पन्नाशी पार व्हायला हवी. तीन युरो परत मिळावेत म्हणून आठ युरोंची बिस्किटं.

स्विस बाजूचेही नियम त्याला तोंडपाठ होते. मांस माणशी एक किलो, लोणी माणशी एक किलो, तेल पाच लिटर. २०२५च्या १ जानेवारीपासून माणशी ३०० फ्रँकांची करमुक्त खरेदी १५० वर आली, त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. मग त्यानं तोडगा काढला: मुलगाही माणूसच आहे. म्हणजे तीन माणसं, साडेचारशे फ्रँक, तीन किलो कोंबडी. पोराचा शनिवार गेला, बायकोचाही गेला, पण कोटा पूर्ण भरायला लागला.

आता एवढं सामान ठेवायचं कुठे? भाड्याच्या घरातल्या फ्रिजला डोक्यावर बर्फाचा एक लहानसा कप्पा असतो. त्यात मटाराची दोन पाकिटं कोंबली की दार लागत नाही. तेव्हा डोंबिवलीकरानं एक जुना, आडवा, पेटीसारखा फ्रीजर विकत घेतला आणि तळघरात त्याच्या वाट्याला आलेल्या लाकडी जाळीच्या खोलीत बसवला. आत सगळं रचून ठेवलेलं. तळाशी कोंबडी, वर चीज, लोणी, पिझ्झे, पन्नास टक्क्यांच्या चिठ्ठीचे मासे, पाव, त्याच्यावर आणखी पाव. झाकण उघडलं की त्याला गार वारा लागायचा आणि बरं वाटायचं.

वर चौथ्या मजल्यावर सोलापूरकर वहिनींकडे तक्ता नव्हता. त्यांच्या फ्रिजच्या दारावर एक कागद असायचा, पण त्यावर ‘काय आणायचं’ लिहिलेलं नसे. ‘काय आहे’ ते असे. जे आधी खराब होईल ते वर, जे टिकेल ते खाली. वरची ओळ खोडली गेल्याशिवाय पिशवी खांद्याला लागायची नाही. त्यांच्या फ्रिजची मागची भिंत बाहेरून दिसायची. डोंबिवलीकराला ती पाहून वहिनींची कीव यायची.

महिन्यातून एकदा त्या लांगश्ट्रासेच्या बाजूला तमिळ दुकानात जात. श्रीलंकेत १९८३नंतर जे पेटलं, त्यातून निसटलेले हजारो तमिळ स्वित्झर्लंडमध्ये स्थिरावले. त्यांच्या दुकानांमुळेच इथल्या मराठी घरांत तूरडाळ, शेंगदाणे आणि ताजा कढीपत्ता नांदतो. कोथिंबीर तुर्की दुकानातून घ्यायची, कारण तिथली जुडी हातात मावत नाही, आणि मोठ्या दुकानात तीच कोथिंबीर प्लास्टिकच्या डबीत चार काड्या होऊन बसलेली असते. बाकी सगळं खालच्या मिग्रोसमधून, आठवड्यातून दोनदा, एका पिशवीत मावेल एवढं.

आणि घ्यायचं ते इथे पिकलेलं. भेंडी विमानानं येते, तिचं विमानाचं तिकीट आपणच भरतो, असं वहिनी म्हणत. हिवाळ्यात कोबी, गाजर, बटाटा, भोपळा आणि लीक. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा थोराड भाऊ. मधोमध उभा चिरला की पदरापदरांत माती निघते, ती वाहत्या पाण्याखाली धुवायची. मग बारीक चिरून लसणाच्या फोडणीवर परतायचा, पाणी सुटलं की वरून बेसन भुरभुरायचं आणि झाकण ठेवायचं. त्याचा झुणका सोलापूरच्या माणसालाही नाव ठेवता येणार नाही असा होतो. वसंतात रुबार्ब येतं. त्याचे लालसर देठ इथले लोक साखर घालून केकमध्ये घालतात. वहिनी ते आमटीत घालत, कैरीच्या जागी. गुरुवारी रात्री थालीपीठ ठरलेलं: उरलेली भाजी, उरलेला भात, कोबीचा दांडा किसून, सगळं भाजणीत. शुक्रवारी फ्रिज मोकळा.

पन्नास टक्क्यांची चिठ्ठी त्यांनाही आवडायची. फक्त ती वस्तू त्याच रात्री चुलीवर चढणार असेल तरच त्या उचलत.

दिवाळीच्या फराळाला दोन्ही घरं एकत्र बसली होती. वहिनी तेव्हा जर्मन शिकायला जात होत्या आणि वर्गात त्यांना मिग्रोसचा धडा आला होता. त्यांनी तो चिवड्याबरोबर सगळ्यांना ऐकवला. याच शहरात, १९२५च्या ऑगस्टात, गॉटलीब डुटवायलर नावाच्या माणसानं पाच फोर्ड गाड्या रस्त्यावर उतरवल्या. गाडीत वस्तू फक्त सहा: कॉफी, तांदूळ, साखर, शेवया, खोबऱ्याचं तेल आणि साबण. भाव बाजाराहून चाळीस टक्क्यांपर्यंत कमी. दुकानदार खवळले, कारखानदारांनी माल देणं बंद केलं, तर यानं स्वतःचे कारखाने काढले. १९४१मध्ये सगळा धंदा सहकारी करून टाकला.

“म्हणजे बघा,” डोंबिवलीकर खूश होऊन म्हणाला, “या शहराला स्वस्ताईचा नाद तेव्हापासूनचा आहे. आपण फक्त परंपरा चालवतोय.”

“पण भावजी, सहाच वस्तू का?” वहिनी म्हणाल्या. “त्याला साठ ठेवता आल्या नसत्या? आमच्या बाईंनी हेच विचारलं वर्गात.”

“गाडीत जागा नसेल.”

“जागेचं नाही. ज्या वस्तू घरोघरी रोज लागतात तेवढ्याच घेतल्या. गाडी भरायची की रिकामी व्हायची, भरायची की रिकामी व्हायची. माल पडून राहिला नाही म्हणून त्याला स्वस्त विकणं परवडलं.”

“बरोबर आहे,” डोंबिवलीकर म्हणाला आणि दुसरी करंजी घेतली. ऐकलं त्यानं सगळं. पण ते दुकानदाराला लागू आहे, गिऱ्हाइकाला नव्हे, असं त्याचं मत पडलं. मोठ्या माणसांच्या गोष्टी आपण नेहमी अशाच ऐकतो. त्यातलं आपल्या सोयीचं तेवढं करंजीबरोबर उचलतो.

डिसेंबरात डोंबिवलीकर मंडळी तीन आठवडे भारतात गेली. जाण्याआधीच्या शनिवारी कॉन्स्टान्झला नाताळचा सेल होता, तेव्हा फ्रीजर झाकणापर्यंत भरला. परत आल्यावर बाजारहाट नको, ही दूरदृष्टी.

तळघरातल्या फ्यूजच्या पेटीतला एक स्विच ट्रिप होऊन खाली पडला. कधी, कशानं, कुणालाच कळलं नाही. दिव्यांची लाइन वेगळी होती, म्हणून दिवे जळत राहिले. वास यायला लागला तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या आजीबाईंना वाटलं, गटार तुंबलं असेल. इमारतीच्या देखभालीच्या माणसानं चिठ्ठी लावली. चिठ्ठी जर्मनमध्ये, डोंबिवलीकर डोंबिवलीत.

परतल्यावर त्यानं झाकण उघडलं. गार वारा आला नाही.

इथून पुढचा भाग थोडक्यात सांगितलेला बरा. एवढं मात्र सांगायला हवं की झुरिकमध्ये कचरा फुकट टाकता येत नाही. १९९३पासून इथे ठरावीक पांढऱ्या पिशवीतच कचरा टाकावा लागतो, ‘त्स्युरी-झाक’ तिचं नाव, आणि कचरा उचलण्याची फी त्या पिशवीच्या किमतीतच धरलेली असते. म्हणून ती दुकानात गल्ल्यावर मागून घ्यावी लागते आणि साध्या प्लास्टिकच्या पिशवीच्या मानानं चांगलीच महाग पडते. दुसऱ्या पिशवीत कचरा टाकून सापडलात तर दंड. ओला कचरा वेगळा देता आला असता, पण ते एकेक पाकीट फोडून आतलं बाहेर काढत बसणं माणसाच्या नाकाला झेपणारं नव्हतं. डोंबिवलीकर खाली मिग्रोसमध्ये गेला, गल्ल्यावरच्या बाईकडे पिशव्यांची एक गुंडाळी मागितली. मग दुसरी मागायला परत गेला.

सोलापूरकर वहिनी हातमोजे घालून मदतीला उतरल्या. दोन तास कुणी फारसं बोललं नाही. शेवटी तळाची कोंबडी बाहेर निघाली. एका पाकिटावर अजून पन्नास टक्क्यांची चिठ्ठी होती आणि तिच्यावरची तारीख आदल्या मार्चमधली.

“ही फ्यूज गेला म्हणून नाही वाया गेली, भावजी,” वहिनी म्हणाल्या.

“म्हणजे?”

“मार्चची आहे. डिसेंबरपर्यंत तुम्ही तिच्यावर पाव रचत होतात. ही तेव्हाच गेली होती. फ्यूजनं फक्त तुम्हाला सांगितलं.”

डोंबिवलीकर काही बोलला नाही. वहिनींनी पिशवीची गाठ मारली. “आमची आई म्हणायची, पोटात गेलं ते स्वस्त. राहिलं ते महाग, मग ते फुकट का मिळालेलं असेना.”

हिशेबी माणसाचं एक बरं असतं: हिशेब चुकला हे हिशेबानंच दाखवलं, तर तो मान्य करतो. त्या रात्री डोंबिवलीकरानं तक्ता उघडला आणि त्यात नवा रकाना घातला: ‘खाल्लं’. जुनी बिलं काढली. बायकोला शेजारी बसवलं, कारण काय शिजलं आणि काय टाकलं हे तिलाच ठाऊक होतं. मासे? टाकले, कुणाला आवडले नाहीत. बिस्किटं? मऊ पडली. चीज दोन किलो? अर्धं बुरशीचं. मग त्यानं आगगाडीची तिकिटं मिळवली. अर्ध्या दराच्या कार्डावरही दर फेरीला माणशी तीसेक फ्रँक जात होते. मग फ्रीजरची वीज. मग फ्रीजर. मग पांढऱ्या पिशव्या. घेताना पैसे मोजले, ठेवायला मोजले, आणि टाकायलाही मोजले.

‘वाचवलं’ नावाचा जो रकाना तो पाहुण्यांना दाखवायचा, तो खाऊन टाकून वर चार बोटं आकडा उरला, उणे चिन्हासकट.

बायको म्हणाली, “आणि माझे शनिवार कुठे मांडलेस?” त्याला त्यासाठी रकाना सुचेना.

कॉन्स्टान्झला जाणं वाईट, असा याचा अर्थ कुणी काढू नये. सरहद्दीला लागून राहणारी, चार-पाच खाणाऱ्या तोंडांची घरं तिथून आणतात आणि खाऊन संपवतात; त्यांचं चाललंय ते ठीकच चाललंय. पन्नास टक्क्यांची चिठ्ठीही काही पाप नव्हे. दुकानात भाव पाहायलाच हवा. पण भाव पाहून खरेदीचा निम्मा हिशेब होतो. उरलेला निम्मा घरी होतो, रोज, कढईत, आणि तो करायला कुणी हिरवा कागद देत नाही. म्हणूनच तो कुणी करत नसावं.

फ्रीजर विकला गेला. डोंबिवलीकराच्या फ्रिजच्या दारावर कागद आला. पहिल्या आठवड्यात त्यानं त्यावर रंग वगैरे केले. सवय कुठे जाते? तक्तासुद्धा राहिला, फक्त पाच दुकानांची दोन झाली. लीकचा झुणका त्याला आवडला. रुबार्बची आमटी पोरानं नाकारली आणि ते ठीकच होतं, ती पुन्हा आणली गेली नाही.

राहता राहिला शेवटचा हिरवा कागद. नाताळच्या सेलच्या वेळचा, शिक्का मारलेला, अकरा युरो काही सेंटांचा. तो पाकिटात होता आणि डोंबिवलीकराला टोचत होता. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी त्यानं सहज बोलल्यासारखा विषय काढला.

“उद्या कॉन्स्टान्झला जाऊन यायचं का? हवा चांगली आहे.”

“संपलंय काय?” बायकोनं विचारलं.

तो स्वयंपाकघरात गेला. फ्रिज उघडला, मागची भिंत दिसली. पण कागदावर चार ओळी होत्या, दोन दिवसांचं जेवण होतं. त्यानं डबे वाजवून पाहिले. डाळ होती. तांदूळ होते. तेल होतं. बराच वेळ खुडबुड करून तो बाहेर आला.

“मीठ,” तो म्हणाला.

“मीठ खाली मिग्रोसमध्ये मिळतं,” ती म्हणाली आणि पिशवी त्याच्या हातात दिली. “सातला बंद होतं, लवकर जा. आणि येताना दुसरं काही उचलू नकोस.”